खोलीसोबत मिळालेलं गाडगं

आक्कांनी खोली दाखवली तेव्हा मला तीनच प्रश्न विचारले. सामानात उंदरांनी कुरतडलेलं काही आहे का, येळवशीच्या सणाला कामावरून रजा मिळते का, आणि अंबाडीची भाजी चालते का. लग्न झालंय का, झालं नसेल तर का नाही, पाहुणे किती येतात, हे जुळे सोलापुरातल्या आधीच्या चार घरमालकांनी विचारलं होतं आणि त्याची उत्तरं मी पाठ करून गेले होते. ती तशीच राहिली. उंदरांना मी नाही म्हणाले, रजेचं बघते म्हणाले, अंबाडीबद्दल खोटं बोलले. मला अंबाडी मुळीच आवडत नव्हती.

मग आक्कांनी स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या माळ्याकडे बोट केलं. तिथं मातीचं एक मध्यम गाडगं होतं. तोंडाला फडकं, फडक्यावर शेणमातीचा लेप.

"त्ये खोलीसंगं येतंय," आक्का म्हणाल्या. "हलवायचं न्हाई, उघडायचं न्हाई, त्येच्यावर काय ठिवायचं न्हाई. वर्साला मी नेते, वर्साला मी आणून ठिवते."

"आत काय आहे?"

"बी."

"कशाचं?"

"माहेरच्याचं," आक्का म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात दिली.

'माहेरचा' हे ज्वारीचं नाव होतं. आक्का ज्वारीला जोंधळा म्हणायच्या, आणि हा जोंधळा त्यांच्या माहेरच्या माळावरचा, म्हणून माहेरचा. दुसरं नाव त्याला नव्हतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिथल्या शेतीच्या पुस्तकांत शोधलं, सापडलं नाही. दरवर्षी वळसंगच्या शेतात आक्का त्याचा एक पट्टा पेरायच्या. बाकीच्या शेतात त्यांचा मुलगा कृषी केंद्रातून आणलेलं पिशवीतलं बी पेरायचा. आलेल्या पिकातलं निवडक बी पुन्हा गाडग्यात भरून माझ्या माळ्यावर. शेजारच्या खोलीत एक तेलुगू कुटुंब राहायचं. नवरा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. त्यांच्या माळ्यावर अंबाडीचं गाडगं. जिन्याखालच्या खोलीतला माणूस चिंचोळी एमआयडीसीत जायचा, त्याच्याकडे हुलग्याचं. आक्कांच्या स्वतःच्या घरात, एवढी जागा असून, एकही नाही.

मी एकदा विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एका घरात बी ठिवू न्हाई. घराला आग लागती, घरात भांडण लागतंय, घरात सून येती. तुमच्या लायबरीत येक पुस्तक जळलं तर दुसऱ्या लायबरीत असतंय का न्हाई?"

"सगळीच नसतात, आक्का."

"मंग तुमी झोपता कशा गं?"

त्यांनी हे हसत विचारलं नव्हतं.

आक्का पन्नाशीच्या पुढच्या होत्या. बुटक्या, सावळ्या, नऊवारी नेसणाऱ्या. कमरेला चंची असायची, पण तिच्यात पानसुपारी नसायची. चार कप्प्यांत चार तऱ्हेच्या बिया असायच्या. लग्नाला गेल्या की अक्षता टाकायच्या आधी तांदूळ तळहातावर घेऊन नीट बघायच्या. दवाखान्यात, बँकेत, एसटीत शेजारच्या बाईशी बोलायला लागल्या की तिसऱ्या वाक्याला "तुमच्या बांदाला काय काय हाय?" हे यायचंच. शहरातल्या बाईला बांधच नसतो हे त्यांना ठाऊक असायचं. तरी विचारायच्या आणि तिच्या उत्तरावर उगीच हळहळायच्या.

संध्याकाळी मी गाडी लावत असले की त्या पायरीवरून विचारायच्या. जेवलीस का, असं कधी नाही. "आज काय काय खाल्लं?"

"पोहे. मग वरणभात. चहाबरोबर बिस्किटं."

आक्का बोटांवर मोजायच्या. "तांदूळ. परत तांदूळ. तूर. आन् गहू. तीन झाली. अगं, म्हस तुज्यापेक्षा बरी. बांदाबांदानं धा पाल्यांना तोंड लावती."

शेजारच्या वहिनी त्यांच्या दारातून ओरडायच्या, "आक्का, आमच्या डोशाला किती मार्क?"

"तांदूळ, उडीद, मेथ्या. आन् चटणीला?"

"गोंगुरा!"

"ही बग. हिच्याकडनं शीक जरा."

अंबाडीला वहिनी गोंगुरा म्हणायच्या आणि आक्का पुंडी. या एका भाजीवरून दोघींचं मेतकूट होतं. एक चिंच न घालता आंबट करायची, दुसरी ज्वारीच्या कण्या घालून शिजवायची, आणि दोघींच्या वाट्या माझ्या दारात यायच्या. त्या वाट्यांच्या जोरावर मी अंबाडी खायला शिकले. नाइलाज होता, वाटी रिकामी झालेली आक्का स्वतः बघायच्या.

मला ग्रंथालयात एकदा शिडीवर चक्कर आली. रक्त तपासलं तर फार कमी निघालं. दुसऱ्या खेपेला आक्का डॉक्टरांकडे माझ्याबरोबर आल्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, नुसत्या गोळ्यांवर राहू नका, जेवणात पालेभाज्या, डाळी, वेगवेगळं धान्य असू द्या. आक्का खुर्चीवरून उठल्याच. "मी काय येगळं बोलत हुते?" त्या मला म्हणाल्या, आणि मग डॉक्टरांना, "तुमी सोता काय काय खाता?" डॉक्टर सभ्य होते. त्यांनी सांगितलं. आक्कांनी मोजलं. "पाच," बाहेर आल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या. "शिकलेला मानूस, पर पाचच." गोळ्या मात्र त्या वेळेवर घ्यायला लावायच्या. त्यांचं गोळ्यांशी भांडण नव्हतं.

त्यांचं भांडण कशाशी होतं हे कळायला मला वेळ लागला. आधी वाटलं, बाईला नाद आहे. घरामागे शेवग्याचं झाड होतं. फुलोऱ्यात आलं की सकाळी त्या त्याच्याखाली मान वर करून उभ्या राहायच्या आणि मधमाश्या मोजायच्या. "आज धा-बाराच हायत," असं सांगताना त्यांचा चेहरा घरात कुणी तापानं फणफणल्यासारखा असायचा. मोकळ्या प्लॉटांवरून चिगळ, तांदुळजा, पाथरी खुडून आणायच्या, आणि खुडण्याआधी प्रत्येक पान नाकाशी धरायच्या. तणनाशकाचा वास आला तर हातातलं सगळं टाकून द्यायच्या, हात घासून धुवायच्या आणि दिवसभर बोलायच्या नाहीत. एकदा पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला माणूस त्यांनी रस्त्यात अडवला.

"कशावर मारतोस?"

"गवतावर, मावशी. मालक म्हणले साफ करा."

"त्यातलं गवत कंचं आन् भाजी कंची, सांग बरं."

त्याला सांगता येईना. "मला काय म्हाईत? समदं हिरवंच हाय की."

"त्येच्यासाठीच इचारलं," आक्का म्हणाल्या आणि वाटेतून बाजूला झाल्या.

गिरणीत जाणं हा तर सोहळाच होता. डबा चक्कीत ओतायच्या आधी त्या गिरणीवाल्याला हातानं थांबवायच्या, डब्यात कोपरापर्यंत हात घालायच्या, मूठभर दाणे वर काढून उजेडात बघायच्या आणि मगच मान हलवायच्या. घरचीच ज्वारी, स्वतःच निवडलेली, तरी दर खेपेला. गिरणीवाला रांगेतल्या बायकांना डोळा घालून म्हणायचा, "आक्कांचं सोनं राहिलंय बगा डब्यात." बायका हसायच्या. मीही हसले आहे.

त्याचं कारण त्यांनी मला एका दुपारी सांगितलं. गच्चीवर सुपात हुलगे निवडत होत्या. निवडता निवडताच बोलल्या, वर न बघता.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा त्या शाळेत चौथीत होत्या. घरात चार भावंडं. उतरंडीच्या तळाच्या मडक्यात माहेरच्याचं बी होतं. त्याला हात लावायचा नाही, हे घरातल्या रांगत्या पोरालाही कळायचं. तीन दिवस पाल्यावर काढल्यावर चौथ्या दिवशी त्यांच्या आईनं ते मडकं उतरवलं आणि जात्यावर बसली.

"आमी समदी पोटभर जेवलो. लई गोड लागली भाकरी. आई तेवढी जेवली न्हाई. भिताडाकडं तोंड करून बसली."

"मग?"

"मंग काय. रेशनवर लाल जोंधळा आला, परदेसातला. त्यो खाऊन जगलो. खाल्ल्या अन्नाला नाव ठिवत न्हाई मी. पर गावात समद्यांच्या घरात त्योच, सकाळी त्योच, सांजच्याला त्योच. मी इचार करायची, ह्यो बी यायचा थांबला तर?"

"आणि माहेरचा?"

"मावशीला आईनं कवातरी मूठभर दिलं हुतं, अक्कलकोटकडं. पाऊस झाल्यावर आई दोन दिस चालत गेली आन् पदरात बांधून आणलं." त्यांनी सूप आपटलं. "म्हणून म्हणते, एका घरात ठिवू न्हाई."

मला ती गोष्ट तिथं संपलेली वाटली.

माझ्याकडून जे झालं ते या गोष्टीनंतर दोन वर्षांनी झालं.

त्या वर्षी माघात ऐन दाणे भरताना गारपीट झाली. 'माहेरच्या'चा पट्टा आडवा पडला. उरलंसुरलं रानडुकरांनी संपवलं. पेरून उरलेलं थोडं बी आक्कांनी माझ्या गाडग्यात तसंच ठेवलं होतं, त्याला आता दुसरं वर्ष लागलं. भाद्रपदात त्या माझ्या दारात आल्या, माळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "औंदाची पेरणी समदी तुज्या गाडग्यावर हाय." पेरणीला दोन-तीन आठवडे होते.

त्याच दिवसांत माझी आई साताऱ्याहून आठ दिवस राहायला आली. मी सकाळी ग्रंथालयात गेले. आईला गाडग्याबद्दल सांगायचं मला सुचलंच नाही. सुचलं नाही याहून वेगळं कारण मी गेली चार वर्षं शोधते आहे आणि मला सापडलेलं नाही.

संध्याकाळी आले तर ताट वाढलेलं होतं. गरम भाकरी, पिठलं, ठेचा. दीड भाकरी खाऊन झाल्यावर मी म्हणाले, "आई, आज भाकरी किती गोड झालीय."

"ज्वारीच तशी आहे गं. कुठून आणलीस? मला बाई बरं वाटलं, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलीस ते. आजकालच्या मुली कुठं एवढं करतात! पाखडली, ओल्या फडक्यानं पुसली, उन्हात टाकली आणि गिरणीतून आणली."

हातातला घास मी ताटात ठेवला. "माळ्यावरच्या गाडग्यातली?"

"हो मग, दुसरी कुठं होती?"

"सगळी?"

"चार किलो तर होती. मूठभर ठेवणार होते, गिरणीवाला म्हणाला एवढ्याशासाठी काय ठेवता, टाका. खालच्या आक्कांनाही दोन भाकरी देऊन आले. एकट्या बिचाऱ्या."

मी जिन्यात जाऊन बसले. खालून काही आवाज येत नव्हता.

सकाळी आक्का आमचं ताट घेऊन वर आल्या. ताट रिकामं परत करत नाहीत. त्यांनी त्यात गुळाचा खडा आणि शेवग्याच्या चार शेंगा ठेवल्या होत्या. आईला म्हणाल्या, "भाकरी लई गोड हुती, ताई. लई दिसांनी अशी खाल्ली." माझ्याकडे त्यांनी बघितलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होते. "बहिणीकडं जाऊन येते दोन दिस," असं म्हणून त्यांनी घराला कुलूप लावलं आणि पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे गेल्या.

ते दोन दिवस मला देवानं दिल्यासारखे वाटले. आईला मी एवढंच सांगितलं की ती ज्वारी आक्कांची होती, भरून ठेवायला हवी. बी होतं हे सांगितलं नाही. मंडईतून चांगली बघून ज्वारी आणली, राख मिळवली, रस्त्यावरच्या कडुलिंबाचा पाला तोडला, गाडग्याला फडकं बांधून शेणमातीनं लिंपलं. माझ्या हाताला हे काम जमेल असं मला वाटलं नव्हतं. फार छान जमलं.

आठवड्यानं आक्का गाडगं न्यायला आल्या. लेप फोडला, आत हात घातला. मूठ बाहेर काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला, किंवा तसं मला वाटलं.

"भरलेलं हाय की," त्या म्हणाल्या आणि गाडगं काखेत घेऊन उतरल्या.

तेव्हा बोलायला हवं होतं. नंतरही पुष्कळ वेळा बोलता आलं असतं. वळसंगहून येऊन त्या सांगायच्या, "उगवण झ्याक हाय," "कोळपणी झाली," "आता पोटऱ्यात आलाय," आणि दर वेळी मला वाटायचं, कणीस बाहेर पडलं की त्यांना कळणार. कितीतरी पिढ्यांनी जपलेली एक गोष्ट माझ्या ताटात संपली होती आणि शेतात तिच्या नावाचं दुसरंच काहीतरी वाढत होतं. एखादं पुस्तक ग्रंथालयातून गहाळ झालं तर नोंदवहीत त्याचं नाव तरी राहतं. याचं नावसुद्धा फक्त आक्कांच्या तोंडात होतं. एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटायची. त्या वर्षी आक्का रोज सकाळी गच्चीवर चिमण्यांना चिमूटभर ज्वारी टाकायच्या. एरवी दाणा वाया गेला तर चिडणारी बाई.

येळवस आली. मार्गशीर्षातली अमावस्या, सोलापूरच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत त्या दिवशी सगळे शेतात जेवतात. मी रजा नाही म्हणून सांगणार होते. आक्कांनी वहिनींना पाठवलं: "तिला म्हनावं, खोली देताना इचारलं हुतं."

शेतात कडब्याची कोप घातली होती, आत पाच दगडांचे पांडव मांडले होते. मडक्यात आंबील, टोपल्यात बाजरीचे उकडलेले उंडे, आणि मोठ्या पातेल्यात भज्जी. इकडची भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, पावटा, शेंगदाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगं, चिंच, शिवारात त्या वेळी जे जे असेल ते ते घालून बेसन लावून शिजवलेली. आक्कांचा नियम असा की बाजारातलं काही घालायचं नाही. त्यांच्या लहानपणी सोळा-सतरा जिनसा व्हायच्या, असं त्या सांगायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तेरा झाल्या होत्या.

त्या दिवशी त्या पाथरी शोधायला बांधावर गेल्या आणि मोकळ्या हातानं परत आल्या. बांध लाल होता, जळाल्यासारखा.

"औषध मारलं व्हय रं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"मजूर मिळत न्हाईत, आई. खुरपायला कोण येतंय?"

"बांदाला कशापायी मारलं? बांद काय तुज्या पिकात येतंय?"

"बांदावरनंच तण येतंय की शेतात. आन् पाथरी पाथरी काय लावलीय, बाजारात ढीगभर पालक हाय!"

"त्यो पालक हाय. मी पाथरी मागितली."

"पाहुण्यांम्होरं नगं आता," सून म्हणाली.

आक्कांनी पातेल्यात बघत बोटांवर मोजलं. "नऊ." मग त्या कोपीत पांडवांसमोर बसल्या आणि जेवल्या नाहीत. कोपीच्या कुडाकडे तोंड करून बसल्या होत्या. सगळे म्हणाले, म्हातारी रुसली. मला त्यांच्या आईची गोष्ट आठवली.

मी उठून ज्वारीच्या पट्ट्यात गेले. 'माहेरचा' कसा ओळखायचा ते आक्कांनी शिकवलं होतं: कणीस आखूड, मान किंचित वाकलेली, आणि दाणा सोलला की बुडाशी तांबूस ठिपका. मी एक दाणा सोलला. ठिपका होता. दुसऱ्या कणसातला सोलला. होता. दहा-बारा दाणे सोलले. मंडईतल्या ज्वारीलाही असाच ठिपका असतो, सगळ्याच ज्वारीला असतो, आक्कांचा भाबडा समज आहे, असं मी स्वतःला सांगितलं. परत येऊन मंडईच्या ज्वारीचे दाणे सोलून बघण्याची हिंमत मी केली नाही.

त्या वर्षी माव्याचा चिकटा पडला. सगळ्या शिवारातली पिशवीतल्या बियाण्याची ज्वारी काळी, चिकट झाली, जनावरं कडब्याला तोंड लावेनात. आक्कांच्या पट्ट्यावरही पडला, पण कमी, सुगी झाली. फाल्गुनात त्या नवं भरलेलं गाडगं घेऊन जिना चढून आल्या.

"ठिव," त्या म्हणाल्या.

"आक्का, दुसऱ्या कुणाकडे ठेवता का? माझ्याकडे... आई येते, कुणी येतं."

"ठिव म्हटलं की."

तेव्हापासून मला त्या गाडग्याची धास्ती आहे. पाऊस आला की मी माळ्याच्या भिंतीला ओल आली का ते चाचपते. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी गाडग्याचं सांगते. लोक हसतात. गिरणीत डबा नेला की ओतण्याआधी मी आत हात घालते. गिरणीवाल्यानं आता डोळा घालणंही सोडलं आहे.

गेल्या रब्बीत आक्का अंथरुणावर होत्या. मुलानं सगळ्या रानात ऊस केला, पट्टा पेरला गेलाच नाही. वैशाखात आक्का गेल्या. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं होतं, तरी मी पेज घेऊन गेले की ओठ हलायचे. मी कान जवळ नेला तर, "आज काय काय खाल्लं?" मी सांगितलं. त्यांची बोटं चादरीवर हलत होती. सात झाली होती, मला वाटतं त्यांना ती बरी वाटली.

दिवस झाल्यावर मुलगा खोल्यांचं बघायला आला. मी त्याला बसवलं आणि चार वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं, आई, गिरणी, मंडईची ज्वारी, राख, लेप. हे ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं नव्हतं.

तो म्हणाला, "त्ये व्हय? आईला म्हाईत हुतं की."

"काय?"

"भाकरीचा पयला घास खाल्ला तवाच कळलं म्हणली. दुसऱ्या दिशी मावशीकडं गेली, अक्कलकोटकडं. आजीच्या बहिणीची लेक. तिच्याकडं येक गाडगं असायचं. त्ये आणून पेरलं. तुमचं बाजारचं वर्सभर चिमण्यांनी खाल्लं." तो हसला, मग हसू आवरलं. "मी म्हटलं, आई, परत तिच्याकडंच ठिवती व्हय? तर म्हणली, तिनं खाल्लंय, आता तिला कळलं. माज्या आईलाबी तसंच कळलं हुतं."

मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

"मावशी गेल्या वर्षी वारली," तो उठताना म्हणाला. "तितं आता कोण ठिवत न्हाई. म्हंजी हाय त्ये तुमच्याकडंच."

त्यानं हे सहज सांगितलं. मी मात्र दार लावून माळ्याकडे बघत उभी राहिले.

दुसरं वर्ष लागलेलं बी. ओल लागली असेल, आतून पोखरलं असेल. आक्का उगवण बघायच्या तसं मी केलं: गोणपाटाचा तुकडा भिजवला, वीस दाणे ओळीत मांडले, गुंडाळी करून ओट्याखाली ठेवली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. तीन दिवस ग्रंथालयात माझं लक्ष नव्हतं. एका विद्यार्थ्यानं मागितलेलं सोडून मी त्याला दुसरंच पुस्तक दिलं. चौथ्या दिवशी गुंडाळी उलगडली. सतरा दाण्यांना पांढरे कोंब होते. तीन काळे पडले होते. ते तीन मी बराच वेळ बघत होते.

मुलाला फोन केला. उसाच्या कडेला दहा ओळी पेरीन म्हणाला. "आईच्या नावानं. पर दरवर्सी जमंल का न्हाई, सांगत न्हाई." उरलेल्याचे मी चार भाग केले. एक माझ्याकडे, एक वहिनींच्या माळ्यावर, एक जिन्याखालच्या खोलीत. चौथ्यासाठी आईला साताऱ्याहून बोलावून घेतलं.

तिला ताट वाढलं आणि मग सांगितलं, तू दळलंस ते बी होतं. सगळं सांगितलं. आईनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आणि मी त्यांनाच नेऊन दिल्या दोन भाकरी."

"हो."

"गूळ घालून ताट परत केलं त्यांनी."

"हो, आई."

मी गाडगं तिच्यासमोर ठेवलं. ती मागे सरकली. "माझ्याकडे नको गं. दुसऱ्या कुणाला दे. मी म्हातारी बाई, विसरेन, कुणी हात लावेल."

"ठेव," मी म्हणाले.

एसटीत ती गाडगं मांडीवर घेऊन बसली. वर ठेवू देईना, पायाशी ठेवू देईना. आता ती मला रोज सकाळी फोन करते. तब्येतीचं, पावसाचं सगळं नंतर. आधी म्हणते, "जागेवर आहे. आत्ताच बघून आले."